वाळवंटी डोंगरमाथ्यावरचं बटरकप : हर्बेरियमच्या नोंदी तपासण्याचं काम

अमेरिकेच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा आणि वसाच या दोन पर्वतरांगांच्या मधे ग्रेट बेसिन नावाचा कोरडा मुलूख आहे. इथलं पाणी समुद्राला मिळत नाही, खाऱ्या तळ्यांत जाऊन आटतं. या मुलखातून उत्तर-दक्षिण अशा सुट्या डोंगररांगा उभ्या आहेत. रूबी माउंटन्समधलं रूबी डोम ३,४७१ मीटर, स्नेक रेंजमधलं व्हीलर पीक ३,९८२ मीटर, आणि कॅलिफोर्नियाच्या हद्दीतलं व्हाइट माउंटन पीक ४,३४४ मीटर. पायथ्याला सेजब्रशची करडी झुडपं आणि माथ्याजवळ, बर्फ उशिरा वितळतो अशा ओलसर खडकाळ जागी, वीतभर उंचीचं पिवळ्या फुलांचं बटरकप. त्याचं नाव रॅनन्क्युलस एश्शोल्ट्झिआय.

एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जायचं तर मधे वाळवंटी खोरं आहे आणि त्यात हे झाड जगत नाही. त्यामुळे ‘अमुक रांगेवर ही जात आहे’ हे विधान प्रत्येक रांगेसाठी वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि पुष्कळदा ते वाळवलेलं झाड आणि लेबल चिकटवलेल्या एखाद-दोन कागदांवरच, म्हणजे शीटवरच, उभं असतं. त्यातली एक नोंद चुकीच्या ठिकाणी टाकली गेली तर नकाशावर एक खोटा डोंगर आबाद होतो. सपाट प्रदेशातल्या, सगळीकडे उगवणाऱ्या तणाच्या बाबतीत अशी चूक खपून जाते. इथे खपत नाही.

मराठवाड्यातल्या वनस्पतिशास्त्र विभागात बसून हे काम करता येतं, कारण तिकडच्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांच्या, नोंदी आणि बऱ्याचशा शीटचे फोटो खुले आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नोंदी कशा वाचायच्या हे शिकवण्यासाठी आम्ही मुद्दाम ही जात घेतो. कुळ ओळखीचं आहे. आपल्या रानातली मोरवेल आणि किराणा दुकानातली कलौंजी याच कुळातली. मात्र हे झाड इथल्या कुणी पाहिलेलं नसतं, आणि तेच सोयीचं पडतं : आठवणीवर विसंबून कुणी भोकं बुजवत नाही, लेबलावर आहे तेवढंच वाचतो.

पहिली अडचण नावाची. योहान फ्रीडरिश एश्शोल्ट्झ हे १८१५ ते १८१८ या काळात ‘रूरिक’ या रशियन जहाजावर डॉक्टर होते. बटरकपच्या नावात त्यांच्या आडनावातलं ‘टी’ अक्षर आहे. त्याच जहाजावरचे वनस्पतिशास्त्रज्ञ शामिसो यांनी कॅलिफोर्नियातल्या पॉपीला त्यांचंच नाव दिलं, पण त्यात ‘टी’ नाही. त्यामुळे टंकणाऱ्यांची गल्लत होते आणि बटरकपच्या कित्येक नोंदी ‘टी’विना सापडतात. शोधताना पूर्ण नाव न टाकता ‘रॅनन्क्युलस’ आणि पुढे ‘एश’ ही पहिली चार रोमन अक्षरंच (esch) टाकावीत. मग जुनी नावं वेगवेगळी शोधावीत : ऑक्सिनोटस, ईक्झिमियस, सुक्सडॉर्फिआय, ट्रायसेक्टस. एकेकाळी या स्वतंत्र जाती होत्या, आज बहुतेक ठिकाणी त्यांना या जातीचे प्रकार मानतात. ‘अडोनियस’बद्दल मतभेद आहेत. कुणी तिला वेगळी जात म्हणतं, कुणी याच जातीत घालतं. आम्ही ती उतरवून घेतो, पण वेगळ्या पानावर ठेवतो.

नोंदी घ्यायच्या जागा दोन प्रकारच्या. जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर जगभरातल्या संस्थांचा माल एकत्र मिळतो आणि प्रत्येक डाउनलोडला कायमचा क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवावा. साइनेट हे अमेरिकन हर्बेरियमचं संकेतस्थळ आणि कॅलिफोर्नियातल्या हर्बेरियमचा सामायिक संग्रह यांवर फोटो आणि तज्ज्ञांचे ओळखीचे शेरे जास्त सहज दिसतात. दोन्ही घ्याव्यात, कारण एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे लगेच पोचलेली नसते. गाळणी लावताना ‘जतन केलेला नमुना’ एवढाच प्रकार ठेवावा. मोबाइलवरून टाकलेले फोटो या कामात मिसळू नयेत.

फाईल आली की डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची नाही. नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं आणि ते दिसतही नाही. बारकोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात, लांबलचक क्रमांक घातांकाच्या रूपात बदलतात आणि ‘७-८’ असा साधा मजकूर तारीख बनतो. रिकामी शीट उघडून ‘डेटा’मधून फाईल आत घ्यावी, सगळे कॉलम ‘टेक्स्ट’ करावेत, अक्षरांसाठी यूटीएफ-८ निवडावं. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावं.

तारखेचा घोळ आपल्याकडे खास वाढतो. अमेरिकन लेबलावर ‘७/८/३९’ म्हणजे जुलैची ८ तारीख. आपला संगणक भारतीय पद्धतीवर असेल तर तो ७ ऑगस्ट वाचतो. महिन्याचा फरक इथे किरकोळ नाही. बर्फ वितळण्याच्या कडेने फुलणाऱ्या झाडाच्या बाबतीत जुलैच्या सुरुवातीचं फूल आणि ऑगस्टमधलं फूल यांचा अर्थ वेगळा निघतो. काही जुन्या लेबलांवर महिना रोमन आकड्यात असतो, तो सुरक्षित. १ जानेवारीची तारीख दिसली की समजावं, लेबलावर फक्त वर्ष होतं आणि प्रणालीने बाकीचं भरलं. त्या उंचीवर जानेवारीत झाड बर्फाखाली असतं.

पुढचं काम प्रती ओळखण्याचं. संग्राहक एकाच जागी पाच-सात रोपं उपटतो, एकच क्रमांक देतो आणि त्यांची शीट वेगवेगळ्या हर्बेरियमला पाठवतो. बॅसेट मॅग्वायर आणि आर्थर होल्मग्रेन या जोडीने १९४० च्या दशकात नेवाडात केलेले संग्रह असेच विखुरलेले आहेत. प्रती मोजल्या तर एका भेटीच्या पाच नोंदी होतात आणि झाड मुबलक असल्याचा भास होतो. संग्राहकाचं आडनाव, त्याचा क्रमांक आणि तारीख जोडून एक कळ, म्हणजे ओळखखूण, तयार करावी आणि त्या कळीने गट पाडावेत. नाव कुठे आद्याक्षरांसह असतं, कुठे पूर्ण, कुठे जोडीदाराच्या नावासकट, म्हणून फक्त पहिल्याचं आडनाव घ्यावं. क्रमांकच नसेल तर तारीख आणि जागा जुळते का पाहावं, आणि तरी शंका उरली तर गट न पाडता ‘शक्य प्रत’ असा शेरा मारावा. एकोणिसाव्या शतकातल्या काही सर्वेक्षणांत क्रमांक भेटीला नसून जातीला दिलेला असे. तिथे एका क्रमांकाखाली दोन वेगळ्या डोंगरांचे नमुने निघू शकतात आणि आपली कळ उलटी फसवते.

प्रतींचा एक फायदाही आहे. एका शीटवरचं लेबल त्रोटक असतं, तर दुसरीवर उंची किंवा ओढ्याचं नाव असतं. गटातली सगळ्यात भरलेली नोंद आधार म्हणून घ्यावी, पण कुठली माहिती कुठल्या शीटवरून आली ते लिहावं.

आता नकाशा. पहिल्यांदा बिंदू टाकले की काही बिंदू चीनमध्ये पडतात. कारण साधं आहे : पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह सुटलेलं असतं. रूबी माउंटन्स ४०.६ उत्तर, ११५.४ पश्चिमच्या आसपास. उणे काढलं की बिंदू बीजिंगच्या वायव्येला हेबेई प्रांतात जातो. व्हाइट माउंटन्सची नोंद अशीच शांडोंगच्या सपाट शेतीत, पीत नदीच्या मुखाकडे पडते. या चुका मजेशीर आणि निरुपद्रवी, कारण त्या ओरडून सांगतात. खरा त्रास शेजारच्या रांगेवर पडलेल्या बिंदूचा असतो. तो ओरडत नाही.

अशा बिंदूंचं मूळ बहुधा नावात सापडतं. व्हीलर पीक नेवाडात आहे तसं न्यू मेक्सिकोतही आहे, ४,०१३ मीटरचं. व्हाइट माउंटन्स कॅलिफोर्निया-नेवाडाच्या हद्दीवर आहेत, ॲरिझोनात आहेत आणि पार न्यू हॅम्पशायरमध्येही आहेत. नेवाडात १८६० च्या दशकात क्लॅरेन्स किंगच्या सर्वेक्षणाबरोबर सेरेनो वॉटसनने गोळा केलेल्या नमुन्यांवर ‘ईस्ट हम्बोल्ट माउंटन्स’ लिहिलेलं दिसतं. तेव्हा या नावात आजच्या रूबी माउंटन्सचाही समावेश होता. आज ईस्ट हम्बोल्ट ही उत्तरेकडची वेगळी रांग आहे. आजच्या नकाशावर नाव शोधून खूण केली तर ती कदाचित चुकीच्या रांगेवर बसते. अशा नोंदीचा बिंदू एका रांगेवर न टाकता दोन्ही रांगा मिळून क्षेत्र दाखवावं. व्हीलर पीकच्या शेजारच्या जेफ डेव्हिस पीकचं नाव २०१९ मध्ये बदलून दोसो दोयाबी झालं, म्हणजे पुढच्या पिढीच्या लेबलांवर तोही फरक येणार.

मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला हे समजावायला फार वेळ लागत नाही. १९७५ च्या लेबलावर ‘जि. परभणी’ असेल तर ती जागा आज हिंगोलीत असू शकते, कारण हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. १९८१ च्या आधीचा ‘औरंगाबाद’ म्हणजे आजचा जालनाही, आणि १९८२ च्या आधीचा ‘उस्मानाबाद’ म्हणजे लातूरही. बिहारमध्ये आणखी एक औरंगाबाद आहेच. लेबलावरचा जिल्हा त्या तारखेचा जिल्हा म्हणून वाचायचा, हा नियम नेवाडाच्या काउंट्यांनाही तसाच लागू पडतो.

बऱ्याच लेबलांवर अक्षांश-रेखांश नसतात, त्याऐवजी टाउनशिप, रेंज (टाउनशिपचा पूर्व-पश्चिम क्रमांक) आणि सेक्शन असतात. आपल्याकडे शिवार आणि गट नंबर सांगून जमीन दाखवतात, त्यातलीच ही जात, फक्त चौकोनी आखलेली. एक टाउनशिप ६ मैल लांब-रुंद, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन साधारण १ चौरस मैलाचा. क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडे ६ पर्यंत जातात, मग ७ हा ६ च्या खाली येऊन ओळ पूर्वेकडे वळते. नांगराच्या तासासारखं जातं-येतं आणि ३६ आग्नेयेला संपतं. हे माहीत नसलं की दुसऱ्या ओळीपासूनच सेक्शन उलट्या बाजूला मोजला जातो आणि बिंदू ८ किलोमीटरपर्यंत सरकतो. टाउनशिप ज्या मूळ रेषेपासून मोजतात तीही पाहावी : नेवाडासाठी माउंट डायब्लो, युटाच्या बहुतेक भागासाठी सॉल्ट लेक, दक्षिण कॅलिफोर्नियासाठी सॅन बर्नार्डिनो.

फक्त सेक्शन माहीत असेल तर त्याच्या मध्यावर बिंदू आणि भोवती अनिश्चिततेची त्रिज्या अर्ध्या कर्णाएवढी, म्हणजे सुमारे १,१४० मीटर. फक्त टाउनशिप माहीत असेल तर ती सुमारे ६,८३० मीटर होते. ही त्रिज्या न लिहिता नुसता बिंदू देणं म्हणजे अर्धवट माहिती पूर्ण म्हणून खपवणं. दशांशात सहा अंक दिसले म्हणून नोंद अचूक मानू नये. ते अंक गणकयंत्राने दिलेले असतात. जुन्या अमेरिकन नकाशांवरून घेतलेले अक्षांश-रेखांश १९२७ च्या मोजणीआधारावर, म्हणजे मोजणीच्या संदर्भचौकटीवर, असतात. आजच्या जीपीएसच्या आधाराशी त्यांचा पश्चिम भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. टाउनशिपच्या नोंदीत तो बुडून जातो, पण कड्याच्या वर की खाली असा प्रश्न असेल तर धरावा लागतो.

उंचीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो. जुनी अमेरिकन लेबलं फुटांत बोलतात, पण एकक लिहायचं राहून जातं. अलास्का सोडून अमेरिकेच्या सलग भागात सगळ्यात उंच माउंट व्हिटनी, सुमारे ४,४२१ मीटर. त्यामुळे ‘१०,५००’ हा आकडा मीटर असूच शकत नाही, ०.३०४८ ने गुणून ३,२०० मीटर. २,५०० ते ४,४०० च्या मधला आकडा मात्र दोन्ही असू शकतो. तिथे जागेची उंची नकाशावर पाहून ठरवावं, आणि ठरलं नाही तर रकाना रिकामा ठेवावा. संगणकीय नोंदीत कुणीतरी फुटांचे आकडे मीटरच्या रकान्यात टाकलेले असतात, तेही इथेच पकडले जातात.

बरोबर १०,००० फूट लिहिलेलं असेल तर तो अंदाज आहे असं धरून आम्ही दोन्हीकडे ५०० फूट सूट देतो. ‘९,५०० ते १०,५००’ असं असेल तर सरासरी काढू नये, दोन्ही टोकं दोन रकान्यांत ठेवावीत. आणखी एक खोड : काही संग्राहक मुक्कामाच्या जागेची किंवा वाट सुरू होते तिथली उंची त्या दिवसाच्या सगळ्या नमुन्यांना लावत. रूबी माउंटन्समधल्या लामोइल कॅन्यनचं असंच आहे. रस्ता साधारण ८,८०० फुटांवर संपतो, बटरकपच्या जागा त्याच्या वर. ‘लामोइल कॅन्यन’ एवढंच लिहिलेल्या नोंदीचा बिंदू दरीच्या मध्यावर टाकला तर तो ओढ्याकाठच्या झाडीत पडतो, जिथे हे झाड शोधायला कुणी जाणार नाही. लेबलावर उंची असेल तर उंचीनकाशावरून त्या दरीतला तेवढ्या उंचीचा पट्टाच कापून घ्यावा आणि तो क्षेत्र म्हणून नोंदवावा. एका सेक्शनच्या आत इथे पाचशे मीटरचा चढ सहज असतो, त्यामुळे हा पट्टा बिंदूपेक्षा कितीतरी खरं बोलतो.

लेबलावरचे अधिवासाचे शब्दही शिकून घ्यावे लागतात, कारण मराठवाड्यात हिमाची भाषा कुणाच्या कानावर पडलेली नसते. टॅलस म्हणजे कड्याखाली साचलेल्या धोंड्यांचा उतार. सर्क म्हणजे हिमनदीने कोरलेला, तीन बाजूंनी कडे असलेला खोलगट भाग. क्रुमहोल्झ म्हणजे वाऱ्याने खुरटून जमिनीलगत पसरलेली झाडं. ‘उशिरा वितळणाऱ्या हिमपट्ट्याच्या कडेला’ हा शेरा उंचीच्या आकड्याहून मोलाचा, कारण उन्हाळ्यात पाऊस कमी पडणाऱ्या या डोंगरांत झाडाला पाणी मुख्यतः त्या हिमपट्ट्यातूनच मिळतं. उत्तरेकडचा उतार की दक्षिणेकडचा, हेही म्हणूनच वेगळ्या रकान्यात उतरवतो.

ओळख पटवण्याचं काम फोटोवरून करायचं तर मर्यादा आधी मान्य कराव्यात. आधी ते बटरकपच आहे का? उंचावरच्या पोटेन्टिला (गुलाबाच्या कुळातल्या) लांबून तशाच दिसतात. पण त्यांच्या पानाच्या बुडाशी उपपर्णं असतात आणि पुष्पकोशाखाली आणखी एक छोट्या पानांचं वलय असतं. बटरकपला ते नसतं. त्याच्या पाकळीच्या बुडाशी मधाची बारीक खवल असते, अर्थात फोटोत ती क्वचितच दिसते. एश्शोल्ट्झिआयची पानं तीन भागांत कापलेली, झाड जवळपास केसविरहित, पाकळ्या बहुधा पाच, कधी आठपर्यंत. पानं बारीक दोऱ्यासारख्या भागांत चिरलेली असतील तर अडोनियसचा विचार करावा. निदलांवर (फुलाच्या बाहेरच्या वलयातल्या पानांवर) दाट गडद केस असतील तर मॅकॉलेआय ही जात. बुडाची पानं गोलसर, फारशी न कापलेली आणि जागा खालच्या सेजब्रशमधली असेल तर ग्लॅबेरिमस. वाळल्यावर पाकळ्यांचा पिवळा रंग फिकटून पांढरट होतो, त्यामुळे रंगावरून काही ठरवू नये. फळं पिकलेली नसतील तर प्रकार ठरवायच्या फंदात पडू नये. जातीवर थांबावं.

एवढं झालं की प्रत्येक नोंदीला दर्जा देतो. ‘अ’ म्हणजे फोटो पाहिला, ओळख आणि लेबल दोन्ही पटले. ‘ब’ म्हणजे लेबल वाचलं, पण झाड ओळखण्याजोगं नाही. ‘क’ म्हणजे फोटोच नाही, फक्त टंकलेली नोंद. मग रांगेप्रमाणे तक्ता : स्वतंत्र भेटी किती, पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, उंचीची दोन टोकं, सर्वोत्तम दर्जा. ज्या रांगेचा सगळा आधार एकाच ‘क’ नोंदीवर आहे ती नकाशावर पोकळ वर्तुळाने दाखवतो आणि त्या हर्बेरियमच्या क्युरेटरना ईमेल करतो. संस्थेचा पत्ता इंडेक्स हर्बेरिओरम या जगभरच्या हर्बेरियमच्या सूचीत संस्थेच्या संक्षेपावरून मिळतो. ईमेल चार ओळींचं असावं : बारकोड क्रमांक, काय शंका आहे, कुठल्या भागाचा फोटो हवा, एवढंच. शीटला चिकटवलेल्या छोट्या पाकिटात सुटी फळं असतात, त्यांचा फोटो आवर्जून मागावा. ‘या जातीची सगळी माहिती पाठवा’ अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

हा तक्ता हातात आला की विद्यार्थ्यांना एक मोह होतोच : जुन्या नोंदी खालच्या, नव्या वरच्या, म्हणजे तापमानवाढीने झाड वर सरकलं. तसं झालं असेलही, पण या आकड्यांवरून ते निघत नाही. शंभर वर्षांपूर्वीची उंची अंदाजाची, आजची जीपीएसची. पूर्वीचे लोक घोड्यांच्या वाटेने गेले, नंतरचे मोटाररस्त्याच्या टोकापासून चढले. एका रांगेवर चार भेटी असतील तर सर्वांत वरची नोंद संग्राहकाच्या पायांबद्दल सांगते, झाडाबद्दल फार थोडं. वर सरकल्याचं म्हणायचं तर त्याच जुन्या जागांवर पुन्हा जाऊन, तीच जागा मोजून पाहावी लागेल. तक्ता एवढंच ठरवू शकतो की परत जाण्याइतकी नेमकी जुनी जागा कुठली आहे. म्हणून शेवटचा रकाना आम्ही त्यासाठीच ठेवतो : त्रिज्या ५०० मीटरपेक्षा कमी आणि दर्जा ‘अ’ असेल तिथे बरोबरची खूण.

सापडलेल्या चुका परत कळवाव्यात. जीबीआयएफवर प्रत्येक नोंदीखाली प्रतिसादाची सोय आहे, साइनेटवर खातं काढून शेरा देता येतो. उणे चिन्हासारखी दुरुस्ती बिनदिक्कत सुचवावी. ओळख बदलायची असेल तर कुठल्या लक्षणावरून हे एका वाक्यात लिहावं, आणि फोटोवरून पाहिलं आहे हेही सांगावं, कारण शीट हातात घेतलेल्या माणसाचा शब्द वरचा. दुरुस्ती कधी पटकन होते, कधी वर्षभर तशीच पडून राहते. आपल्या फाईलमध्ये ‘मूळ’ आणि ‘दुरुस्त’ असे दोन वेगळे कॉलम असले की पुढच्या डाउनलोडला त्यातलं काय स्वीकारलं गेलं ते लगेच जुळवता येतं.